फलकापाशी थांबायचं

पावाला जर्दाळूचा मुरंबा लावता लावता मी टीव्हीकडे पाहिलं, तर अफ्रा ग्राटेनच्या उतारावर उभी होती. त्याच वेळी ती आमच्या न्हाणीघरात दातही घासत होती. ब्रश तोंडात ठेवून गुणगुणायची तिला घाणेरडी सवय आहे, आणि ते गुणगुणणं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. टीव्हीवर रोजचा पॅनोरामा चालू होता. तेच ते झिदरच्या तारांचं संगीत, कोपऱ्यात गावाचं नाव आणि तापमान, आणि डोंगरावरचा कॅमेरा आपला सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वळवतोय. हिवाळ्यात हे घराघरांत लागलेलं असतं. लक्ष देऊन कुणी बघत नाही, पण कुठं किती बर्फ पडलाय हे दाढी करता करता सगळ्या व्हिएन्नाला कळतं, आणि फेब्रुवारीच्या सुट्टीत स्कीइंगला कुठं जायचं याची भांडणं त्याच्यावरूनच होतात. लिफ्ट सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे उतारावर माणूस असण्याचं काही कारण नव्हतं. यंत्रानं सपाट केलेला कोरा बर्फ, त्याच्यावरच्या बारीक रेघा, उतारांच्या नकाशाचा मोठा फलक, आणि फलकाखाली पिवळ्या जाकिटातली एक मुलगी. चेहरा दिसत नव्हता, एवढ्या लांबून दिसणारही नाही. पण डावं पाऊल आत वळवून, दोन्ही काठ्या बाहुलीसारख्या पोटाशी धरून उभं राहायची ती तऱ्हा या जगात एकाच पोरीची आहे, आणि तिला मी जन्म दिलाय. कॅमेरा पुढं सरकला, झाडं आली, दरी आली, मग दुसरंच गाव आलं. न्हाणीघरातला नळ बंद झाला. माझे मोजे कुठेयत, असं अफ्रानं आतून विचारलं, आणि मी सांगितलं की खुर्चीवर आहेत.

मी गेर्नोटला काही बोलले नाही. गेर्नोट म्हणजे माझा नवरा. तो शाळेत भूगोल शिकवतो, आणि भूगोल शिकवणाऱ्या माणसाबरोबर सुट्टीचं गाव निवडायचं ही एक शिक्षाच असते. नाताळ संपला की जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरतात आणि आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवतो. निळे उतार सोपे, लाल मधले, काळे अवघड. कुठल्या उताराला दुपारचं ऊन, कुठं वारा लागला की लिफ्ट बंद पडते, हे सगळं तो मुलांना समजावतात तसं समजावतो. त्या वर्षी ग्राटेन जवळजवळ ठरलं होतं. दारातून पाऊल टाकलं की थेट बर्फ, आणि अफ्राला पहिल्यांदाच लाल उतारावर न्यायचं होतं. त्या संध्याकाळी मी म्हटलं की ग्राटेन नको. तिथं ऊन लवकर जातं. गेर्नोटनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उल्ली, काल रात्रीपर्यंत सूर्य जागेवर होता. आज त्याला काय झालं?" मग मी म्हटलं गर्दी असते. तो म्हणाला, आपण जातो म्हणूनच असते. त्याला थट्टा सुचली की त्याच्याशी वाद घालता येत नाही. पण तो भांडला नाही, नकाशाची घडी घातली आणि ओबरमोसचा उघडला. ते लहान गाव आहे, जुन्या लिफ्टा आहेत, माथ्यावरची खाण्यापिण्याची झोपडी बरी आहे. मी लगेच हो म्हटलं. लाकडी घडवंचीखाली अफ्राचे बूट वाळत होते, वर खुंटीवर तिचं पिवळं जाकीट लटकत होतं. तिच्या मावसबहिणीला आखूड झालेलं जाकीट, बाह्या लांब व्हाव्यात म्हणून मी माझ्या जुन्या स्वेटरची तपकिरी लोकर उसवून त्याला मनगटं विणली होती. झोपायला जाताना मी ते जाकीट खुंटीवरून काढलं आणि कपाटात ठेवून दिलं.

ओबरमोसचं ठरल्यानंतर ती ओबरमोसला दिसायला लागली.

रोज नाही. पण दिसली की तिथंच, फलकाखाली, तशीच. मी टीव्हीसमोर उभी राहून बशीत चहा सांडायचे, आणि गेर्नोट वर बघेपर्यंत कॅमेरा पुढं गेलेला असायचा. एकदा मी त्याला हाक मारून दाखवलं, तर त्याला फक्त फलक दिसला. एकदा त्याला "काहीतरी पिवळं" दिसलं, पण ते त्याच्या मते संरक्षक जाळीवरचं कापड होतं. मग मी एक डाव केला. जेवताना सहज वाल्डर्नचं नाव काढलं, तिथल्या गरम पाण्याच्या तलावाचं कौतुक केलं, तिथंच जाऊया म्हणाले. मनात मात्र जायचं नव्हतं. दुसऱ्या सकाळी वाल्डर्नचा उतार रिकामा होता. मला हायसं वाटतंय न वाटतंय तोच ओबरमोस आलं आणि ती तिथं होती. आमच्या बोलण्याला ती फसत नव्हती. आमचं मन कुठं आहे हे तिला कळत होतं, आणि मन जिथं असेल तिथं ती आधीच जाऊन उभी राहत होती. हे कळल्यावर माझ्या पाठीतून जी थंडी गेली ती अजून पुरती गेलेली नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांची हनुवटी त्या यंत्रावर टेकवून दिवसभर विचारते, हे अक्षर नीट दिसतं की ते. त्या आठवड्यात मी मालकीणबाईंना सांगून स्वतःचे डोळे तपासून घेतले. त्या म्हणाल्या, तुझे डोळे माझ्या डोळ्यांपेक्षा बरे आहेत, सुट्टी घे. जानेवारीत इथं सगळेच एकमेकांना सुट्टी घ्यायला सांगतात. शहरावर धुक्याचं झाकण बसलेलं असतं, आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं ढिगांनी पडलेली असतात. कुठं कुठं चंदेरी झिरमिळ्या तशाच अडकलेल्या. दुकानातून येताना अशा ढिगापाशी मी थांबायचे. झाडं आडवी पडलेली असली तरी वास अगदी डोंगरावरचा येतो, आणि त्या वासाबरोबर मी नको तिथं जाऊन पोचायचे. तिथं मी आठनऊ वर्षांची असते. समोर बर्फ पडत असतो. मी नकाशाच्या फलकाखाली उभी असते आणि माझी आई येत नसते.

नियम सगळ्यांच्या घरी असतो. लहान मुलाला बर्फावर नेलं की पहिल्या सकाळी, बूट आवळता आवळता, त्याला सांगायचं: चुकामूक झाली तर फलकापाशी थांबायचं, तिथून हलायचं नाही, मी येते. मला आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. मी अफ्राला चार वर्षांची असल्यापासून सांगत आलेय, आणि नुसतं सांगून भागत नाही म्हणून म्हणूनही घेते. काय करायचं? फलकापाशी थांबायचं. किती? तू येईपर्यंत. त्या दिवशी मीही तशीच थांबले. धुकं उतरलं, माणसं खाली जायला लागली, माझ्या अंगावर बर्फ साचला. लिफ्टवाले काका बाहेर येऊन म्हणाले, पोरी, आत ये, शेगडी आहे. मी मान हलवली. हलायचं नाही असं आईनं सांगितलं होतं. पायाची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि दुखायची थांबली तेव्हा मला फार बरं वाटलं, आता मला हवं तितका वेळ थांबता येईल असं वाटलं. शेवटी बाबा आले. त्यांनी मला उचललं तेव्हा म्हणे माझे गुडघे वाकत नव्हते. आई दुसऱ्या उतारानं खाली उतरली होती आणि झोपडीत बसून खसखस घातलेला गरम गरम कनोडल, वाफवलेला गोड गोळा, खात होती. मी आत आल्यावर ती हसली. तिच्या ओठाला खसखस लागली होती. डाव्या पायाच्या करंगळीत मला अजून काही कळत नाही, सुई टोचली तरी.

मला तिला इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता वाटलं. आई ग्रात्सला एकटीच राहते, तब्येतीनं खणखणीत आहे, आणि फोनवर बोलताना तिचा रेडिओ चालूच असतो. आधी तिनं गुडघ्याचं सांगितलं, शेजारणीच्या मांजराचं सांगितलं, गेर्नोटनं केस कापले का ते विचारलं. मग मी विचारलं, आई, त्या दिवशी तू का आली नाहीस. कुठला दिवस हे तिला सांगावं लागलं नाही.

"अगं, तू फलकापाशी असणार हे मला ठाऊक होतं ना," ती म्हणाली. "दुसरं पोर असतं तर जीव टांगणीला लागला असता. तू म्हणजे सांगितलंय तिथून हलायची नाहीस. म्हणून म्हटलं दोन घास खाऊन घेऊ."

"मला वाटलं तू मेलीस."

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. आईनं रेडिओ बारीक केला. मग म्हणाली, "मग तर आत जायचंस. मेलेल्या माणसाची वाट कशाला बघायची?" आणि लगेच पुन्हा मांजरावर गेली. माझी आई अशीच आहे. तिच्या मनात काही वाईट नसतं, तिच्या मनात बहुधा काहीच नसतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहून त्या करंगळीला दुसऱ्या पायानं दाबत होते.

आठवड्याच्या शेवटी गेर्नोटनं निर्वाणीचं सांगितलं की सगळीकडच्या खोल्या भरत चालल्यात, ओबरमोस की ग्राटेन ते ठरव, तू ठरवशील ते. मी म्हटलं, कुठंच नको. घरी राहू. किंवा तुम्ही दोघं जा. हे बोलले आणि तिथंच मला उमगलं की मी गेले नाही तर ती तिथं माझ्याशिवाय असेल, फलकाखाली, एकटी. माझं न जाणंही त्या चित्रात बसत होतं. मग मी म्हटलं, तुम्हीही जायचं नाही. गेर्नोटचा आवाज पहिल्यांदाच चढला. वर्षभर पोरगी या एका आठवड्याची वाट बघते, शाळेत सगळ्यांना सांगून बसलीय की यंदा लाल उतार, आणि तुला काय झालंय ते तू सांगतही नाहीस. मी सांगितलं. सगळं सांगितलं, फलक, पिवळं जाकीट, आत वळलेलं पाऊल. तो हसला नाही, आणि ते मला त्याच्या हसण्यापेक्षा जड गेलं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, उल्ली, तिला काही होणार नाही. मी तिच्यापासून हातभरसुद्धा लांब जाणार नाही. मला त्याची दया आली. हातभर लांब न जाणारा बाप त्या चित्रात कुठंच नव्हता. अफ्रा दारात उभी होती. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक. ती रडली नाही, वळून आपल्या खोलीत गेली, आणि कपाटातून जाकीट काढून तिनं ते परत खुंटीला लावलं.

शनिवारी शाळा नव्हती. अफ्रा पांघरूण घेऊन सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली, पाय माझ्या मांडीखाली घातले. तिचे पाय नेहमी गरम असतात. पॅनोरामा लागला होता, मी बंद करायला हात पुढं केला आणि ती म्हणाली, राहू दे ना. संगीत तेच. एक गाव गेलं, दुसरं गेलं. मी तिचा चेहरा बघत होते, पडदा नाही. मला वाटलं, तिला काही दिसलं तर तिच्या चेहऱ्यावर मला कळेल. ग्राटेन आलं. मला गेर्नोटचं माहीत नाही, पण माझं मन गुपचूप परत ग्राटेनला गेलं होतं हे मला तेव्हाच कळलं. अफ्रानं केसांची बट तोंडात घातली, बाहेर काढली, आणि अगदी सहज म्हणाली, "ती मुलगी कोणाची वाट बघतेय?"

मी विचारलं, कोण मुलगी.

"ती काय, फलकाखाली."

"हरवली असेल," मी म्हटलं.

"छे. हरवलेली मुलं इकडेतिकडे बघतात, रडतात. ही कशी एकाच बाजूला बघतेय. हिला माहितीये कोणीतरी येणारे." तिनं जांभई दिली. "पण खूप वेळ झालाय. बघ ना, डोक्यावर बर्फ साचलाय तिच्या."

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच टोपीवर बर्फ होता, खांद्यांवर होता. इतके दिवस मी पाऊल बघत होते, काठ्या बघत होते, बर्फ बघितलाच नव्हता. पोर धडधाकट उभी होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिला सांगितलं होतं तसं ती करत होती, आणि जिनं सांगितलं होतं ती येत नव्हती. महिनाभर मी त्या चित्रात अफ्राला काय होणार ते शोधत होते, आणि चित्रात नव्हते ती मी.

आता मी जे सांगणार आहे ते गेर्नोटला मी सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. भीती नंतर आली, रात्री, आणि रोज थोडी थोडी येते. पण त्या क्षणी सोफ्यावर मला इतका आनंद झाला की मी अफ्राचे पाय दोन्ही हातांनी धरले आणि ती ओरडली की गुदगुल्या होतायत. माझ्या पोरीला काही होणार नव्हतं, होणार असलं तर ते मला. ती त्या फलकाखाली उभी राहील, थंडीनं कुडकुडेल, आणि जगेल. लोक मला विचारतील की मग तू गेलीस कशाला, घरी का नाही बसलीस. जसं काही घरी बसलेल्या बायका मरत नाहीत. गाव बदललं तरी ती तिथं होती, आणि गाव नसतं तर ती तिच्या शाळेच्या फाटकापाशी उभी असती, दुकानाबाहेर उभी असती. ती कुठं उभी आहे हे महत्त्वाचं नव्हतंच. महत्त्वाचा होता तो तिच्या टोपीवर साचलेला बर्फ.

गेर्नोट पाव घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, ग्राटेन. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, तिथल्या उन्हाचं काय. मी म्हटलं, ऊन लवकर गेलं तर आपणही लवकर खाली येऊ. त्यानं फोन उचलला, आणि तिथल्या खोल्यांच्या मालकिणीशी बोलताना त्याच्या आवाजात जो सुटल्याचा भाव होता तो ऐकून मला रडू येईल असं वाटलं. अफ्रा घरभर नाचली. मी जाकीट खुंटीवरून काढलं आणि मनगटं तपासली. डावीकडचा एक टाका सुटला होता, तो घालायला बसले. अफ्रा माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि बूट घालून बघायला लागली. मी सुईवरून नजर न काढता नेहमीचा प्रश्न विचारला. चुकामूक झाली तर काय करायचं?

"फलकापाशी थांबायचं."

"किती?"

"तू येईपर्यंत," ती म्हणाली, इतकं पाठ झालेलं की बुटाची पट्टी ओढता ओढता.

"नाही," मी म्हटलं. "पाय गार पडेपर्यंत. पाय गार पडायला लागले की थांबायचं नाही. खाली जायचं, झोपडीत जाऊन काहीतरी गरम मागायचं."

ती माझ्याकडे बघायला लागली. "आणि तू आलीस तर? मी तिथं नसेन."

"मग मी येईन खाली."

"आणि नाही आलीस तर?"

टाका पुरा झाला होता. मी लोकर दातानं तोडली. "तरीसुद्धा खायचं. गरम असतानाच खायचं."

तिनं थोडा विचार केला. मग विचारलं, कनोडल मागितला तर चालेल का, खसखशीचा. मी म्हटलं, चालेल. ते तिच्याकडून म्हणवून घ्यायला मी विसरले नाही. पाय गार पडेपर्यंत. मग खाली. पुन्हा म्हण. तिनं डोळे फिरवले आणि पुन्हा म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दारात होत्या, गेर्नोट गाडीवर स्की बांधत होता, अफ्रा न्हाणीघरात ब्रश तोंडात घालून गुणगुणत होती. मी पावाला मुरंबा लावला आणि टीव्ही लावला. ग्राटेन आलं. रात्री बर्फ पडला असावा, उतार अगदी कोरा होता. कॅमेरा सावकाश वळला आणि फलक आला. फलकाखाली कुणी नव्हतं. पायांनी तुडवलेली थोडी जागा होती, एका माणसानं बराच वेळ उभं राहावं तेवढी, आणि तिथून स्कीच्या दोन रेघा निघाल्या होत्या, जवळजवळ, जरा वाकड्या, डावी आत वळलेली. त्या कुठंही न थांबता खाली झोपडीपर्यंत गेल्या होत्या. झोपडीच्या धुराड्यातून धूर येत होता. मी पाव खाल्ला, बोटं पुसली, आणि अफ्राला हाक मारली की चल, उशीर होतोय.